खडकावरचा मोहल्ला

खेकड्याची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. एका टोपलीत खेकडे आहेत, टोपलीला झाकण नाही. कुणी विचारतं, "अहो, पळून जातील ना!" टोपलीवाला म्हणतो, "नाही जात. एक वर चढला की दुसरा त्याचा पाय ओढतो." शाळेच्या परिपाठात, लग्नाच्या मांडवात आणि निवडणुकीच्या सभेत ही गोष्ट सारख्याच उत्साहाने सांगितली जाते. कधी ती मराठी माणसाला लावतात, कधी आपल्याच समाजाला. 'खेकड्याची वृत्ती' हा शब्दच आता भाषेत रुजला आहे.

बदनामी इथेच थांबत नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली. तेव्हा खेकड्यांनी धरण पोखरलं असं एका मंत्र्यांनी सांगितलं होतं. महाराष्ट्रात त्यावर बरेच दिवस चर्चा झाली, थट्टाही झाली. खेकड्याची बाजू मात्र कुणी मांडली नाही. या लेखात आम्ही ती थोडी मांडणार आहोत. खेकडा टोपलीत कसा वागतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो स्वतःच्या घरी, म्हणजे समुद्राच्या खडकावर, शेजाऱ्यांबरोबर कसा राहतो हे फार थोड्यांना माहीत असतं.

आम्ही नालवाडीची माणसं. वर्ध्याला लागून असलेलं हे गाव लोकांना विनोबाजींमुळे ठाऊक आहे, समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. इथून मुंबई रेल्वेने साधारण साडेसातशे किलोमीटर. तरीही विदर्भातल्या मुस्लीम घरांपैकी फार थोडी अशी असतील, जिथलं कुणी ना कुणी सेवाग्राम किंवा विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला जाऊन हाजी अलीला हजेरी लावून आलेलं नाही. किनाऱ्यापासून दर्ग्यापर्यंत सुमारे अर्धा किलोमीटरची ती पायवाट. भरती आली की ती पाण्याखाली जाते, ओहोटी झाली की पुन्हा मोकळी होते. चालताना आपली नजर समोरच्या घुमटावर असते. दोन्ही बाजूंना ओहोटीने उघडे पडलेले काळे खडक असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. बघितलंच तर "किती घाण आहे" एवढंच तोंडातून निघतं.

त्या काळ्या खडकांवर एक पूर्ण मोहल्ला वसलेला आहे. तिथे घरं आहेत, भाडेकरू आहेत, चोर आहेत, सफाईवाले आहेत, आणि घरासाठी भांडणंही आहेत. खेकडा त्या मोहल्ल्यातला फार महत्त्वाचा रहिवासी आहे. हा खडकही आपल्याला परका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला, थरावर थर साचत गेले, आणि दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पवनारला धाम नदीच्या पात्रात आपण ज्यावर बसतो तो आणि मुंबईच्या किनाऱ्यावर लाटा झेलतो तो, दोघेही त्याच कुळातले.

चांद आणि पाणी

खडकावरच्या जीवांचं घड्याळ चंद्रावर चालतं. भरती आणि ओहोटी दिवसातून प्रत्येकी दोनदा. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप खालीही उतरतं. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढ विभागली जाते आणि चढउतार कमी होतो. तो भांग.

आपल्या घरांत हिजरी कॅलेंडर असतंच, त्यामुळे हा हिशोब आपल्याला सोपा जावा. नवा चांद दिसला की उधाणाचे दिवस, चौदाव्या-पंधराव्या चांदला पुन्हा उधाण, आणि सातव्या-आठव्याच्या पुढे भांग. कोकणातल्या जुन्या माणसांचा आणखी एक हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्याला हा अंदाज बराच जुळतो. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, तर ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरपेक्षा जास्त फरक पडतो, म्हणजे जवळजवळ दीड मजल्याइतका.

आता खेकड्याच्या जागी उभं राहून विचार करा. सहा तासांपूर्वी डोक्यावर दोन पुरुष पाणी होतं, आता डोक्यावर मे महिन्याचं ऊन आहे. काळा दगड तव्यासारखा तापलेला. जुलैत त्याच दगडावर पावसाचं गोडं पाणी कोसळतं आणि खारं पाणी अचानक पांचट होतं. वर आकाशातून बगळा, खालून मासा. अशा ठिकाणी टिकायचं म्हणजे जागा अचूक निवडायला हवी. म्हणूनच खडकावर कुणी कुठेही राहत नाही, प्रत्येकाचा मजला ठरलेला असतो.

वरचा मजला, खालचा मजला

सगळ्यात वर, जिथे लाटांचे फक्त शिंतोडे पोहोचतात, तिथे हरभऱ्याएवढ्या लहान गोगलगाई खडकाच्या भेगांत दाटीने बसलेल्या असतात. त्यांच्याखाली बार्नेकलचा पट्टा. पांढऱ्या, खरखरीत, छोट्या ज्वालामुखीसारख्या दिसणाऱ्या या कवचांमुळे पाय सोलवटतो. बार्नेकल दिसतो शिंपल्यासारखा, पण तो खेकड्याचा आणि कोळंबीचा नातलग. आणखी खाली कालवं. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या बायका ज्या खडकाला चिकटलेली कालवं फोडून आतला मगज काढतात, तो हा पट्टा. सगळ्यात खाली, जो भाग फक्त उधाणाच्या ओहोटीला थोडा वेळ उघडा पडतो, तिथे हिरवं-तांबडं समुद्री शेवाळ, समुद्रफुलं, स्पंज आणि काही ठिकाणी प्रवाळ.

खेकड्यांनीही हे मजले आपसांत वाटून घेतलेले आहेत. वरच्या उघड्या खडकावर ग्रॅप्सस जातीचा चपळ खेकडा राहतो. अंग चपटं, पाय लांब आणि टोकदार. माणसाची सावली पडली की क्षणात खडकाच्या पलीकडच्या बाजूला जातो. त्याच्या नांग्यांची टोकं चमच्यासारखी खोलगट असतात. त्यांनी तो दगडावरचं बारीक शेवाळ खरवडून खातो. उघड्यावर राहण्याची किंमत म्हणून त्याला डोळे आणि पाय दोन्ही तेज ठेवावे लागतात.

मधल्या पट्ट्यात सुट्या दगडांखाली लेप्टोडियस नावाचा लहान खेकडा राहतो. मुंबईच्या किनाऱ्यावर दगडाखाली सर्रास आढळणाऱ्या खेकड्यांपैकी हा एक. कुणी राखाडी, कुणी हिरवट, कुणी पांढऱ्या ठिपक्यांचा. एकाच जातीची पिल्लं इतकी वेगळी दिसतात की नवख्याला त्या चार जाती वाटाव्यात. हा धावण्यात हुशार नाही. त्याचा भरवसा दगडावर. त्याच दगडाखाली अंगभर केस असलेला पायलम्नस सापडतो. त्या केसांत गाळ अडकतो आणि तो गाळाच्या गोळ्यासारखाच दिसतो.

काही खेकड्यांची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच जाड असते. ती त्यांची अडकित्ता. तिने ते शंख आणि शिंपल्या फोडतात. खालच्या डबक्यांत पोहणाऱ्या खेकड्यांची पिल्लं लपलेली असतात. त्यांच्या शेवटच्या पायांची जोडी वल्ह्यासारखी चपटी असते. मोठी झाली की ती खोल पाण्यात जातात. त्यांच्यासाठी खडकातलं डबकं म्हणजे बालवाडी.

म्हणजे एक खरवडून खातो, एक फोडून खातो, एक मेलेलं-उरलेलं साफ करतो. एक उघड्यावर राहतो, एक दगडाखाली, एक भेगेत. एक ओहोटीला बाहेर पडतो, दुसरा भरतीची वाट बघतो. इतक्या जाती एवढ्याशा जागेत राहू शकतात, कारण त्यांचे धंदे आणि वेळा वेगळ्या आहेत. जिथे दोघांचा धंदा एकच, तिथे मात्र भांडण होतं, आणि ते बहुतेक वेळा अन्नापेक्षा घरासाठी असतं. चांगली भेग, योग्य आकाराचा दगड, त्याखाली थोडी ओल, यांची किनाऱ्यावर नेहमीच टंचाई असते.

टोपलीतल्या गोष्टीचं उत्तरही इथेच आहे. लाटेच्या तडाख्यात वाहून जायचं नसेल तर हाताला येईल ते घट्ट धरायचं, ही खडकावर राहणाऱ्याची सवय. टोपलीत खडक नसतो, दुसऱ्या खेकड्याचा पायच हाताला लागतो. यात हेवा कुठून येणार? हेवा आपण आपल्या पदरचा त्याच्यावर लादला आहे.

रिकाम्या घरांची साखळी

शंखात राहणारा हर्मिट क्रॅब हा खरं तर पक्का खेकडा नाही, खेकड्याचा चुलत भाऊ म्हणा. त्याच्या पाठीमागचा भाग मऊ आणि उघडा असतो. त्यामुळे तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात राहतो. शरीर वाढलं की शंख अपुरा पडतो, मग मोठा शंख शोधायचा.

किनाऱ्यावर एखादा मोठा, चांगला शंख रिकामा झाला की एक मजेदार गोष्ट घडते. एक हर्मिट क्रॅब तो तपासतो, नांगीने आत चाचपतो, पसंत पडला तर आपलं घर सोडून त्यात शिरतो. त्याचं सोडलेलं घर त्याच्यापेक्षा लहान असलेला घेतो, त्याचं त्याहून लहान असलेला. कधी कधी तर लहान-मोठ्या आकाराप्रमाणे रांगच लागते आणि एका शंखामुळे पाच-सहा जणांची घरं बदलतात. शास्त्रज्ञांनी या साखळीचा चांगला अभ्यास केला आहे. पिढीजात घर लहान पडलं, मोठ्या भावाने फ्लॅट घेतला, त्याच्या खोलीत धाकटा गेला, धाकट्याच्या जागी पुतण्या आला. आपल्याकडे याहून वेगळं काय होतं?

आता या साखळीत आपला हात कुठे येतो ते बघा. सहलीला गेलेली मुलं पिशवीभर शंख गोळा करून आणतात. शोकेसमध्ये ठेवलेला प्रत्येक सुंदर, न फुटलेला शंख म्हणजे किनाऱ्यावर कमी झालेलं एक घर. ती रांग तिथेच थांबते, आणि शेवटचा लहान हर्मिट क्रॅब बाटलीच्या झाकणात शिरायचा प्रयत्न करतो.

याच नात्यातला दुसरा चुलत भाऊ म्हणजे पोर्सिलीन क्रॅब. चपटा, नाजूक, दगडाच्या खालच्या बाजूला चिकटून बसणारा. तो कुणाला मारत नाही. तोंडाजवळच्या पिसांच्या पंख्याने पाणी गाळतो आणि त्यातले बारीक कण खातो. त्याला धरलं तर पाय तोडून हातात देतो आणि निसटतो. तुटलेला पाय पुढच्या काती टाकताना हळूहळू परत येतो. खरे खेकडेही संकटात पाय सोडतात. पण पाय परत वाढवायला जी ताकद लागते ती अंग वाढण्यातून आणि अंडी घालण्यातून वजा होते. गंमत म्हणून खेकडा पकडून सोडून देणाऱ्याला हे कळत नाही.

एक गेला तर काय होतं?

मोहल्ल्यातला एक जण गेला तर बाकीच्यांना काय फरक पडतो? हा प्रश्न अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी एका खडकाळ किनाऱ्यालाच विचारला. वॉशिंग्टन राज्यातल्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी खडकाचा एक तुकडा निवडला आणि तिथले तारामासे उचलून दूर टाकत राहिले. तारामासा हा तिथला शिकारी, शिंपल्या खाणारा. १९६६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकारी नाहीसा झाल्यावर सगळ्यांचं भलं होईल असं वाटेल, पण झालं उलट. शिंपल्यांनी सगळी जागा व्यापली, आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. कमानीच्या मधला एक दगड काढला की सगळी कमान ढासळते, तशा अशा जीवाला मग 'कळीची जात' म्हणण्याची पद्धत पडली.

खेकड्याचाही असा धाक असतो, आणि तो नुसता खाण्यापुरता नाही. अमेरिकेच्या मेन किनाऱ्यावर दिसून आलं की पाण्यात खेकड्याचा वास असेल तर गोगलगाई कमी खातात, लपून बसतात, आणि काही जातींच्या गोगलगाई कवच जाड करतात. त्या कमी खातात म्हणून बार्नेकल आणि शेवाळ वाचतं. म्हणजे खेकड्याने कुणाला हातही लावला नाही, तरी त्याच्या असण्यानेच सगळा हिशोब बदलला. वर्गात शिक्षक नुसते दारात उभे राहिले तरी काय होतं, हे आम्हा शिक्षकांना कुणी वेगळं सांगायला नको!

बाहेरून आलेला खेकडा मोहल्ला कसा बदलतो याचंही उदाहरण तिथलंच. युरोपातला हिरवा खेकडा जहाजांबरोबर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोहोचला आणि दोनशे वर्षांत तिथला मालक झाला. १९८८ साली न्यू जर्सीत आशियातला एक खडकावरचा खेकडा आढळला. काही वर्षांतच अनेक ठिकाणी दगडांखालच्या जागा या नव्या पाहुण्याने घेतल्या आणि हिरव्या खेकड्याला बाहेर काढलं. जहाजं तोल सांभाळायला एका बंदरात पाणी भरतात आणि दुसऱ्या बंदरात सोडतात. त्या पाण्यातून खेकड्यांची डोळ्यांनाही न दिसणारी पिल्लं प्रवास करतात. हे थांबवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २०१७ मध्ये लागू झाला. मुंबईसारख्या मोठ्या बंदराच्या शेजारी असलेल्या खडकांना हा प्रश्न लांबचा नाही.

रस्ता आणि खडक

मुंबईच्या खेकड्यांची पद्धतशीर नोंद करण्याचं मोठं काम बोमन छापगर यांनी केलं. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं. विदर्भातून मुंबई बघायला गेलेल्या कित्येक कुटुंबांनी ते पाहिलं असेल. छापगर तिथे काम करत. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या समुद्री खेकड्यांवरचा त्यांचा प्रबंध १९५७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागला. आजही इथल्या खेकड्याची जात ओळखायची तर अभ्यासक तिथेच वळतात. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा नागरिकांचा गट सामान्य लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन हे जीव दाखवू लागला. जुहू, कार्टर रोड, हाजी अली अशा ठिकाणी, कोट्यवधींच्या वस्तीला खेटून इतकं काही जिवंत आहे, हे त्यामुळे अनेक मुंबईकरांना पहिल्यांदाच कळलं.

त्याच काळात कोस्टल रोडचं काम सुरू झालं. त्यासाठी समुद्रात भराव घालून सुमारे १११ हेक्टर जमीन तयार करण्यात आली, आणि भराव पडला तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यातही. प्रकरण न्यायालयात गेलं. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी रद्द केली, डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुढे गेलं. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी होड्या जायला वाट हवी म्हणून लढा दिला, तेव्हा पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर झालं.

आम्हाला रस्त्याची गरज नाकारायची नाही. हाजी अलीच्या चौकात तासभर अडकलेल्या ॲम्ब्युलन्समधल्या रुग्णाला रस्त्याचं मोल विचारा. पण हिशोब पूर्ण मांडला पाहिजे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, म्हणून २०२० साली हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरून प्रवाळाच्या १८ वसाहती उचलून कुलाब्याच्या बाजूला हलवण्यात आल्या. त्याच खडकावरच्या लेप्टोडियसला, पायलम्नसला, हर्मिट क्रॅबला असं छत्र नाही. ज्यांची नावं यादीत होती त्यांना दुसरीकडे घर मिळालं. बाकीचे मोजलेच गेले नाहीत. वस्ती हटवताना कागद असलेल्याला पर्यायी घर आणि कागद नसलेल्याला काहीच नाही, हे माणसांच्या बाबतीत आपण पाहतो. खेकड्यांच्या बाबतीतही न्याय तोच लागला.

कुणी म्हणेल, भरावाच्या कडेला सिमेंटचे मोठे ठोकळे आणि दगड टाकले आहेत, खेकडे तिथे राहतील. काही राहतातही. वरच्या मजल्यावरचा ग्रॅप्सस अशा भिंतींवर मजेत धावतो. पण सपाट, उभ्या भिंतीवर डबकी नसतात, सुटे दगड नसतात, बारीक भेगा नसतात. चार मजल्यांच्या मोहल्ल्याच्या जागी एकच गच्ची उरते. जगात अनेक ठिकाणी झालेल्या पाहण्या हेच सांगतात की नैसर्गिक खडकापेक्षा सिमेंटच्या भिंतीवर जाती कमी असतात. उपायही आहेत. सिडनी बंदरात समुद्रभिंतीवर भेगा, खाचा आणि डबकी असलेल्या फरशा बसवल्या जात आहेत, आणि त्यांत जीव येऊन राहत आहेत. आपल्याकडचे इंजिनिअर हे करू शकत नाहीत असं थोडंच आहे! मागणी करणारं कुणी हवं.

या मोहल्ल्याची आणखी एक बाजू. खेकड्याची मादी पोटाखाली अंडी बाळगते. नराच्या पोटाखालची झडप अरुंद आणि त्रिकोणी, मादीची रुंद आणि गोल, यावरून नर-मादी ओळखता येतात. अंड्यांतून निघालेली पिल्लं खेकड्यासारखी दिसत नाहीत. ती पाण्यात तरंगत काही आठवडे प्रवास करतात, रूपं बदलतात आणि मग एखाद्या किनाऱ्यावर उतरतात. म्हणजे हाजी अलीच्या दगडाखालचा खेकडा दुसऱ्याच किनाऱ्यावर जन्मलेला असू शकतो. अशा प्रवाशांना ठिकठिकाणी उतरायला खडक लागतात. एक खडक बुजला की साखळीतलं एक स्टेशन कमी होतं. म्हणून मालवणचं सागरी अभयारण्य (१९८७ मध्ये जाहीर झालेलं, २९ चौरस किलोमीटरचं) एकटं पुरत नाही. मुरूड, रत्नागिरी, मुंबई, सगळीकडचे साधे, नाव नसलेले खडकही लागतात.

आपला गोड्या पाण्याचा खेकडा

जगात खेकड्यांच्या सुमारे ७,००० जाती आहेत. त्यांतल्या सुमारे १,३०० गोड्या पाण्यात राहतात, आणि त्यांच्यापैकी काही आपल्या विदर्भातल्या नद्या-नाल्यांत, धानाच्या आणि उसाच्या बांधांत असतात. यांनी समुद्राची ती तरंगती पिल्लं सोडूनच दिली आहेत. अंडी थोडी पण मोठी असतात, त्यांतून थेट इवलासा खेकडा बाहेर येतो, आणि आई काही दिवस पिल्लांना पोटाखाली घेऊन फिरते. पण यामुळेच ते दूर जाऊ शकत नाहीत. समुद्रातला खडक रिकामा झाला तर लाटेबरोबर नवे रहिवासी येऊ शकतात. नाला सिमेंटने बांधून काढला, त्यात सांडपाणी आणि फवारणीचं औषध उतरलं, तर तिथला खेकडा संपतो आणि दुसरीकडून सहज येत नाही. समुद्र लांब असला तरी हा प्रश्न आपल्या दाराशी आहे.

खाण्याबद्दलही थोडं. विदर्भातल्या आपल्या हनफी घरांत खेकडा खात नाहीत. कोकणातल्या अनेक शाफई घरांत कुर्ल्यांचं सालन होतं, तिथल्या आलिमांमध्येही यावर दोन मतं आहेत. तो विषय आलिमांचा, आम्ही त्यात पडत नाही. मात्र "आपण खात नाही, मग आपल्याला काय त्याचं" असं म्हणू नये. शिवाय ज्या घरांत मासे आवडीने खातात, त्यांनी हे लक्षात ठेवावं की खडकावरचा लहान खेकडा अनेक माशांचं अन्न आहे. त्याच्या घरावर भराव पडला तर त्याचा भाव कधीतरी आपल्या बाजारातही कळतो.

मुलांना घेऊन जाल तेव्हा

उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा ईदनंतर मुंबईला, कोकणात जाणं होतंच. तेव्हा मुलांसाठी तासभर काढा. पुढच्या गोष्टी सांभाळल्या तर पैसे न लागणारी ही उत्तम सहल आहे.

वेळ आधी बघा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर मिळतं. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. पावसाळ्यात, लाटा असताना किंवा अंधारात खडकावर मुळीच जाऊ नका. तिथीचा हिशोब अंदाजापुरता, जिवाच्या गोष्टीत छापील वेळच धरा.

पायात पकड असलेले बूट हवेत. चप्पल शेवाळावर घसरते, बार्नेकल पाय कापतात. समुद्रफुलं, शंख, प्रवाळ यांना हात लावू नका, काही शंख विषारी असतात. डोळ्यांनी बघा, फोटो काढा.

दगड उलटलाच तर हळू उलटा, अर्ध्या मिनिटात बघून घ्या, आणि जसा होता तसाच परत ठेवा. दगडाची खालची बाजू उन्हात राहिली की तिथे चिकटलेलं सगळं मरतं. मुलांना सांगायची सोपी भाषा अशी: कुणाच्या घराचं छप्पर उचललंस, तर जाताना परत ठेव.

शंख आणू नका. फुटका, झिजलेला एखादा आठवणीसाठी पुरे.

दर्ग्यावर चढवलेली फुलं, अगरबत्तीची पाकिटं, प्रसादाच्या प्लास्टिकच्या पिशव्या पाण्यात सोडू नका. पिशवी भेगेच्या तोंडावर अडकली की आतल्याचा दरवाजाच बंद होतो. येताना आपला कचरा आपल्या पिशवीत आणायचा.

मुलांना एक काम द्या. वहीत तीन रकाने आखा: वरचा खडक, मधला, खालचा. कुठे काय दिसलं ते लिहायला सांगा. नाव माहीत नसेल तर चित्र काढू द्या. घरी परतल्यावर पावसाळ्यात हीच वही घेऊन गावच्या नाल्यावर जा आणि आपल्या खेकड्याचं एक पान जोडा. किती पाय, नांग्या सारख्या की लहान-मोठ्या, दगडाखाली होता की बिळात, एकटा होता की शेजारी कुणी होतं. अशा चार-पाच वह्या एखाद्या शाळेत जमल्या तर गावच्या पाण्याची ती पहिली नोंद ठरेल, आणि उद्या तो नाला बांधून काढायचा प्रस्ताव ग्रामपंचायतीत आला तर तिथे कोण राहतं हे सांगायला गावाजवळ कागद असेल.